आकड्यात लिहावे

असल्या गोष्टी कुणी मुद्दाम जपून ठेवत नाही. कपाटामागं पडलेल्या कागदांसारख्या त्या आपोआप साचतात, आणि म्हातारपणी झाडायला घेतल्या की धूळ आपल्याच नाकात जाते. तुम्ही मंडळी हसायला बसला आहात, जरूर हसा. मला मात्र अजून नीट कळलेलं नाही की यातली चूक कुठवर माझी होती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विहिरींची पाहणी चालली होती. गावोगावच्या तलाठ्यांनी फॉर्म भरायचे, आमच्या सांगलीच्या ऑफिसात त्यांवरून भोकं पाडून कार्डं पंच व्हायची, आणि ती ट्रंकेत घालून एसटीनं पुण्याच्या कॉम्प्युटरकडं जायची. उन्हाळ्यात पाणी राहिलेल्या विहिरी जिथं सर्वांत कमी, ते गाव यादीत सर्वांत वर. त्याच क्रमानं पाऊस लागेपर्यंत बोअरची गाडी फिरणार होती.

मी संख्याशास्त्रातला डॉक्टर. माझ्याकडं काम एवढंच, की रकान्यात आकडा आहे की नाही हे मशीनला ओळखायला शिकवायचं. नियम मीच केला होता आणि मला तो फार आवडायचा. शून्य ते नऊ सोडून दुसरं काहीही दिसलं, की कार्ड बाद.

*

पहिल्याच आठवड्यात सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडचा एक फॉर्म बाद झाला. विहिरीची खोली: ‘चार परस’. माणसानं उभं राहून हात वर केला की एक परस. त्याचे फूट किती धरावेत, यावर मी अर्धा दिवस घालवला.

ट्रंक पुण्याला नेणारे शिंदे फौजेतले रिटायर हवालदार होते. ते शेवटी कंटाळून म्हणाले, “साहेब, आधी माणूस कुठला ते ठरवा. तुमचं माप धरलं तर लोकांच्या हिरी उथळ हुतील.”

*

महाबळेश्वरकडच्या एका तलाठ्यानं फॉर्म भर पावसात भरला होता. ‘पाणी किती फुटांवर आहे?’ या प्रश्नापुढं त्यानं लिहिलं होतं, ‘सध्या उंबऱ्यापर्यंत.’

मशीननं कार्ड फेकलं. कार्डं पंच करणाऱ्या कुसुमताई म्हणाल्या, “खोटं काय आहे त्यात, डॉक्टर? तुमच्या मशीनला एक पावसाळा तिकडं काढू दे.”

*

एकदा दहा, वीस, तीस फूट खोलीची सगळी गावं एकदम बाद झाली. मला रात्रभर झोप नाही. सकाळी उलगडा झाला. कुसुमताई मूळच्या टाइपिस्ट, आणि शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ मारायची त्यांच्या बोटांना सवय.

मी ते जमेल तितकं हळू सांगितलं. त्या म्हणाल्या, “एवढं लाखामोलाचं मशीन, आणि त्याला साधा गोल ओळखता येत नाही?”



*

सुरुवातीला बाद फॉर्म आम्ही एकेक वाचायचो. मग ढीग वाढला आणि वाचायचं त्राण उरलं नाही. मी एक रबरी शिक्का करून घेतला: ‘आकड्यात लिहावे’. हवालदार न बघता शिक्के मारायचे आणि फॉर्म तालुक्याला परत जायचे.

मी एकदा विचारलं, “वाचता तरी का?”

“फौजेत बी असंच हुतं, साहेब. परेड चुकली की कारण इचारायचं न्हाई. परत पाठवायचं.”

मला ते पटलं, हे मी आज कबूल करतो.

*

मे महिन्यात विट्याच्या वरच्या अंगाच्या एका गावाचे सरपंच आले.

“आवं साहेब, शेजारच्या गावात एका हिरीला पाणी हाय. तितं गाडी येऊन गेली. आमचा नंबर कवा?”

मी यादी काढली. एकाच विहिरीला पाणी असलेल्या गावांचा मोठा घोळका होता आणि त्यात हे गाव अगदी तळाला. फॉर्म दुरुस्त होऊन उशिरा आला होता. गाडीच्या आधी पाऊस येणार, हे आम्हां दोघांनाही दिसत होतं.

मग फॉर्म शोधला. पाणी राहिलेल्या विहिरी: तलाठ्याच्या वळणदार अक्षरात ‘निरंक’. सरकारी कागदावर काहीच नसलं की असंच लिहितात, रकाना मोकळा सोडत नाहीत. त्यावर आमचा शिक्का. त्याखाली दुसऱ्या शाईत ‘१’.

मी गठ्ठ्यातले पुढचे फॉर्म चाळले. निरंक, शिक्का, एक. निरंक, शिक्का, दोन. निरंक, शिक्का, एक.

“म्हणजे तुमच्या एका विहिरीला पाणी होतं?” मी विचारलं.

“असतं तर दोन कोसांवरनं बैलगाडीनं पाणी कशाला आणलं असतं?”

“मग हा एक कुठून आला?”

सरपंचांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. “तुमीच आकडा मागितलासा. तलाठी म्हणला, निरंक चालत न्हाई. मग आमी चार-पाच जण देवळात बसलो, लय इचार केला. सरकारला खोटं तर लिवायचं न्हाई. म्हणून सगळ्यात बारका आकडा दिला.”