आडवे सरांची उभी रेषा

९ जुलै रोजी माझ्या साडूंनी माझ्याकडून सातशे चाळीस रुपये हातउसने नेले. कारण विचारलं तर म्हणाले, "भूमिती."

"म्हणजे?"

"नवी पँट शिवायची आहे, दादा. पाठासाठी."

साडू आमच्याच शाळेत पहिलीला शिकवतात, मी तिथेच हिशेब पाहतो. शाळेत त्यांना सगळे आडवे सर म्हणतात. ते त्यांचं आडनाव नाही. सभेत कोणी काही सुचवलं की सर आडवे येतात. पाण्याची टाकी गच्चीवर ठेवू म्हटलं तर त्यांना ती अंगणात हवी. अंगणात म्हटलं तर टाकी हवीच कशाला? एकदा त्यांच्याच जुन्या सूचनेला कोणीतरी अनुमोदन दिलं, तर सर तिलाही आडवे आले.

नावाला दुसरंही कारण होतं. मधल्या सुट्टीत डबा संपला की सर वर्गाचं दार लोटून खिडकीजवळच्या लांब टेबलावर आडवे होत. डोक्याखाली हजेरीपट, तोंडावर रुमाल. हे शिक्षकांना ठाऊक होतं, शिपायाला ठाऊक होतं. मुख्याध्यापक बाईंना ठाऊक नाही, असं धरून चालायची पद्धत होती.

त्या बाई आता निवृत्त होणार होत्या, आणि सरांना उभ्या आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे बाईंची खुर्ची. ती फिरती होती आणि तिला हात होते. उमेदवार दोन, सर आणि चित्रकलेच्या बाई. तपासणी अधिकारी येऊन दोघांचा एकेक पाठ बघणार आणि शिफारस करणार. सरांच्या वाट्याला विषय आला उभी रेषा.

"ही काय परीक्षा झाली?" सर म्हणाले. "हे मी झोपेत शिकवीन."

तरी घरी तालीम झाली. विद्यार्थी म्हणून माझी मेव्हणी, म्हणजे सरांची बायको. आम्ही जेवायला गेलो होतो, म्हणून प्रेक्षक आयते मिळाले. सरांनी जेवणाच्या टेबलावर वही ठेवली आणि वरून खाली एक रेघ ओढली. "वरून खाली सरळ येते, कुठल्याच बाजूला कलत नाही. ही कोणती रेषा?"

मेव्हणी सरांच्या डाव्या हाताला, टेबलाच्या दुसऱ्या कडेला बसली होती. म्हणाली, "आडवी."

"अगं, उभी आहे!"

"तुमच्याकडून असेल. माझ्याकडून आडवी दिसते. आणि खरं सांगू का, वहीच टेबलावर पडली आहे. तिच्यातली रेघ उभी कशी राहील?"

"तू चुकीच्या बाजूला बसली आहेस."

"लग्न झाल्यापासून," मेव्हणी म्हणाली आणि भाजी गरम करायला उठली.

सर त्या दिवशी नीट जेवले नाहीत. हात धुताना मात्र त्यांचा चेहरा उजळला. वही फिरवली की रेघ फिरते, पण उभा माणूस कुठूनही बघा, उभाच! मग स्वतः सरच रेषा होणार. आणि रेषा ठसठशीत दिसावी म्हणून कडक इस्त्रीच्या घडीची पँट. माझे सातशे चाळीस तिथे गेले.

पाठाच्या दिवशी खर्चाची नोंद करायला म्हणून मी मागच्या बाकावर बसलो. शेजारी तपासणी अधिकारी. सर फळ्यासमोर ताठ उभे राहिले, हात अंगाला चिकटवलेले, घडी कंबरेपासून बुटापर्यंत.

"मुलांनो, मी आत्ता कसा आहे?"

"उभाऽऽ!"

"माझ्यासारखी रेषा म्हणजे?"

"उभी रेषाऽऽ!"

"आणि माणूस झोपला की?"

"आडवी रेषाऽऽ!"

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. मुलांनी दाराची चौकट दाखवली, खिडकीचे गज दाखवले, बाकाचे पाय दाखवले. एका पोराने छताच्या पंख्याची दांडी दाखवली, ती मलाही सुचली नसती. सर खुलले. इथे थांबले असते तर आज खुर्चीत असते. पण थांबणं त्यांच्या स्वभावात नाही.

"शाबास! आता आडवी रेषा कोण दाखवेल?"

पहिल्या बाकावरची, पुढचे दोन दात पडलेली मुलगी उठली आणि तिने खिडकीजवळच्या लांब टेबलाकडे बोट केलं.

"बरोबर! टेबलाची कड."

"कड नाही. तुम्ही."

"मी?"

"सुट्टीत तुम्ही तिथे आडवी रेषा असता ना, सर. आम्ही खिडकीतून बघतो."

वर्गातून एकमुखाने "होऽऽ" आलं. मागून एक बारीक आवाज आला, "आणि घंटा झाली की तिरपी रेषा!" एका मुलाने तर बाकावर कोपर टेकून, अर्धवट उठून, डोळे चोळत ती करूनही दाखवली. तिरप्या रेषेचा धडा पुढच्या महिन्यात होता.

"रोज असतात का रे अशा रेषा?" अधिकाऱ्यांनी मुलांना विचारलं.

"शनिवारी नाही," मुलगी म्हणाली. "शनिवारी सुट्टीच नसते."

पंधरवड्याने अहवाल आला. त्यात सरांच्या पाठाची तोंडभरून स्तुती होती: मुलांना संकल्पना अनुभवातून समजली आहे, उदाहरणं ती स्वतः देतात. खाली शिफारस होती: असा शिक्षक पहिलीच्या वर्गातून हलवू नये. खुर्ची चित्रकलेच्या बाईंना मिळाली. पहिल्याच सभेत त्यांनी ते लांब टेबल कार्यालयात हलवायचं सुचवलं. सर आडवे आले नाहीत.

मेव्हणी म्हणाली, "एवढं चांगलं कशाला शिकवायचं म्हणते मी! थोडं वाईट शिकवलं असतं, तर पोरांना तुम्ही ओळखू आला नसता."

हल्ली सर सुट्टीत वर्गातल्याच लाकडी खुर्चीत बसून डोळे मिटतात. त्यांच्या मते ती उभी रेषा आहे. मुलं तिला तिरपी म्हणतात, आणि मुलांचं बरोबर आहे.

पँटचे दोनशे चाळीस रुपये अजून यायचे आहेत.