ओतीव आकडा

“उघड म्हणतो न्हवं ते बॉनेट! बाच्या गाडीत बाचंच इंजिन हाय का तू दुसरं घातलंस, ते आज मिस्त्रीच सांगंल!”

निरवांगीत धाकट्या भावाच्या अंगणात उभे राहून शेळगावचे आबा ओरडत होते. आवाज असा, की उसातली रानडुकरं नीरा ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात गेली. आबा पंच्याहत्तरीचे. समोर त्यांचे धाकटे भाऊ तात्या, हातात किल्ल्या घेऊन उभे. आणि मिस्त्री म्हणजे मी. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं गॅरेज आहे. आबांनी सकाळीच येऊन मला माझ्याच जीपमध्ये घातलं आणि पंच म्हणून इथं आणून उभं केलं.

गाडी अमेरिकन, सहा सिलिंडरची, माझ्यापेक्षा वयानं थोरली. लांबीचं विचारू नका. पुढचे दिवे शेळगावच्या वेशीत शिरायचे तेव्हा डिकी अजून निरवांगीतच असायची. दोघा भावांच्या वाटणीत जमीन, विहीर, म्हशी सगळं मधोमध झालं, पण गाडी काही कापता येईना. मग ठरलं, गाडी तात्यांकडे राहील, पण इंजिनाला दुसऱ्या गाडीचा एक बोल्टसुद्धा लागणार नाही. तात्यांनी बाच्या फोटोवर हात ठेवून शब्द दिला होता. आता आठ दिवसांवर आबांच्या नातीचं लग्न होतं. नात ह्याच गाडीतून सासरी जाणार आणि गाडी तात्या चालवणार, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. आणि नेमकं इंदापूरच्या बाजारात कुणीतरी आबांच्या कानात सोडलं, ‘गाडीचा आवाज बदललाय, धाकट्यानं इंजिन विकून दुसरं घातलं वाटतं.’

आवाज बदलला होता तो सायलेन्सर सडल्यामुळं. तात्यांनी गाडी चालू करून दाखवली तेव्हाच मला ते कळलं होतं. पण चाळीस माणसं जमलेली. ‘सायलेन्सर सडलाय’ एवढं सांगायला का मला बारामतीहून आणलं होतं? माझी कीर्ती काय सांगावी! कळस गावाजवळ एखादी गाडी खोकली, तर मी गॅरेजात चहा पिता पिता सांगतो, तिसऱ्या सिलिंडरला बाधा आहे. लोक असंच म्हणतात. लोकांना ते मीच सांगितलेलं आहे, ही गोष्ट वेगळी.

तात्यांनी बॉनेट उघडलं. आतलं इंजिन लालभडक.

“आयला, ट्रॅक्टरच बसिवलाय की!” मागून कुणीतरी म्हणालं आणि अंगण हसलं.

“ह्यो रंग कसला, तात्या?” मी विचारलं.

“खंडेनवमीला देतो. पूजेच्या आदी. ट्रॅक्टरला देऊन उरतो, त्यो हिला. दर साली.”

“चोराचं तोंड रंगवून झाकतोय!” आबा ओरडले.

“दादा, तू आदी बस. पाणी पी.”

“तुझ्या घरचं पाणी मिस्त्रीनं सांगितल्याबिगर न्हाय प्यायचा!”

मग मी खेळ मांडला. बाह्या सरसावल्या, नंबर बघायला आरसी बुक मागवलं. इंजिनाच्या ब्लॉकच्या कुशीत, सहज हात पोचेल अशा जागी, जाडजूड आकडे उठून दिसत होते. त्यांच्यावर पातळ कागद धरला आणि आरटीओत घेतात तसा पेन्सिल घासून छाप घेतला. इतक्या ऐटीत, की एका म्हातारीनं देवाचं काही आहे समजून हात जोडले. कागद आरसी बुकाशेजारी धरला. मेळ नाही. मेळ सोडाच, आकडेच दोन कमी.

खरा नंबर ठोकलेला असतो, पोलादी ठशानं, आत रुतलेला. हे आकडे उठावाचे होते, ओतीव. हे मला तेव्हाच दिसलं. पण नंबराची पट्टी शोधायची तर डिस्ट्रिब्युटरच्या मागं हात घालायचा, रंग खरवडायचा, आडवं व्हायचं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

“आबा,” मी म्हणालो, “ह्ये लॉरीचं इंजिन. त्याच कंपनीच्या लॉरीला असंच्या असंच यायचं.”

“मिस्त्री, नीट बघा,” तात्या म्हणाले. “मी हात लावला न्हाय.”

“कागदच बोलतोय, तात्या.”

हे वाक्य मला इतकं आवडलं, की जीपपर्यंत जाईस्तोवर मी ते मनात दोनदा घोळवलं.

आबा एकदम हळू बोलायला लागले, तेच भयंकर होतं. “लग्नाला यिऊ नगंस. तू मला भाऊ न्हाईस.” तात्यांनी किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. “घिऊन जावा ही. दारात नगं मला.”

लग्न झालं. नात भाड्याच्या पांढऱ्या गाडीतून गेली. जाताना ती मागच्या काचेतून बघत राहिली, चुलत आजोबा येतात का म्हणून. मी जेवणाच्या पंगतीत त्या इंजिनाची गोष्ट सहा वेळा सांगितली. सहाव्या वेळेला लॉरीचा नंबरसुद्धा सांगितला.

गाडी माझ्या गॅरेजात आणली होती, ती चार महिने तशीच पडून होती. मग एका दुपारी काम नव्हतं. डिस्ट्रिब्युटर सैल दिसला म्हणून काढला, तर त्याच्या मागं ब्लॉकवर रंगाचा ढेपसा. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायला लागलो. लाल, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा लाल, मग हिरवा. मधेच कुंकवाची एक काळपट पापडी. जेवढ्या खंडेनवम्या, तेवढे थर. झाडाचं वय मोजावं तसा मी त्या माणसाचा शब्द मोजत चाललो होतो. तळाशी सपाट पट्टी लागली. तिच्यावर ठोकलेले, रुतलेले, बारीक आकडे. आरसी बुक गाडीच्या खणातच होतं. एकेक आकडा बोट ठेवून वाचला. सगळे जमले.

भांड्यावर कारखान्याचा शिक्का असतो आणि घरच्या माणसाचं नाव वेगळं घातलेलं असतं. मी शिक्का वाचून भांडं परक्याचं ठरवलं होतं. ओतीव आकडा साच्याचा. तसल्या हजारो ब्लॉकांवर तोच असणार. मी तिथं फरशीवर बसलो. आयुष्यात मी मारलेल्या थापा रचल्या तर उजनीचं पाणी अडेल, पण त्यांतली एकही कुणाच्या घरात शिरली नव्हती. ही शिरली होती, आणि तीही मला खरी वाटत असताना. खरी वाटत असताना तरी कशी म्हणू? आकडे उठावाचे आहेत, हे तेव्हाच दिसलं होतं मला.

तसाच शेळगावला गेलो. आबांना सगळं सांगितलं, शर्टाचंसुद्धा. मला वाटलं होतं, चप्पल काढतील. ते भिंतीला हात लावून उठले आणि म्हणाले, “चल.”

निरवांगीत तात्या रानात उसाला पाणी देत होते. आबांचे गुडघे गेलेले, बांधावरून चालणं शक्य नव्हतं. जीप रस्त्याकडेला लावली, आबांना आत बसवलं आणि नव्या छापाचा कागद घेऊन मी एकटा सरीतून चिखल तुडवत गेलो.

तात्यांनी ऐकून घेतलं. कागद हातात घेऊन आकडे वाचले, मागची कोरी बाजूही बघितली, घडी घातली आणि कागद माझ्या खिशात ठेवला. मग खोऱ्यानं सरीच्या तोंडचं मातीचं दारं मोडून पाणी पुढच्या सरीला लावलं.

“तात्या, चूक माझी,” मी म्हणालो. “आबांची न्हाय. ते आल्यात. जीपमधी बसल्यात, गुडघ्यामुळं उतरता यीना. दोन पावलं तुमी चला.”

तात्यांनी रस्त्याकडं बघितलं. जीपच्या खिडकीतून आबांचा हात बाहेर आलेला दिसत होता. तात्यांनी पुन्हा खोरं उचललं.

“ऊन हाय,” ते म्हणाले. “त्यास्नी घरी न्या.”