तंबाखूच्या डबीतली थुंकी
फिनेलचा वास आला की परळचा तो दवाखाना आठवतो. माझे वडील गिरणीत खोकून खोकून गेले. डॉक्टर इंग्रजीत काय बोलले ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. म्हणून घरातला पहिला बी.ए. झाल्यावर मी त्याच दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं रोग्यांना मराठीत समजावून सांगायची नोकरी धरली. एकदा बाहेर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा घोषणा देत चालला होता, तेव्हा गिरणीतली एक मावशी क्षयाच्या तपासणीची थुंकी तंबाखूच्या डबीत घेऊन आली. डॉक्टरसाहेबांनी नाकाला रुमाल लावून पेन्सिलीनं डबी ढकलली, ती लादीवर सांडली. वर इंग्रजीत म्हणाले, "ही जनावरं अशीच मरणार, सुया कशाला फुकट घालवायच्या?" थुंकी मी पुसली, किळस आली ती साहेबांची. "काय म्हणाले रे?" मावशीनं विचारलं. खरं ऐकून ती पुन्हा फिरकली नसती. म्हटलं, "रोज सुईला या म्हणतात." "एवढं लांबलचक बोलले नि तू एवढंसंच सांगतोस होय?" असं म्हणत तिनं त्या माणसाला हात जोडले. मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "सुईची चिठ्ठी लिहा, नाहीतर तुमचं बोलणं बाहेरच्या मोर्चाला मराठीत सांगतो." त्यांनी लगेच लिहिली. मावशी बरी झाली, पुन्हा गिरणीत कामाला लागली.