गोळी कुठं पडली ते सांगा

नोकरीची शेवटची वर्षं मी बटालियनमध्ये वेपन ट्रेनिंगचा हवालदार होतो. काम एकच, जवानांच्या रायफली झिरो करून घेणं. झिरो म्हणजे नेम धरायची साइट जिथं दाखवते तिथंच गोळी पडते का ते पाहणं, आणि पडत नसेल तर साइट सरकवणं. सकाळी रेंजवर जायचं, वाळूची पोती मांडायची, पाच गोळ्या मारायच्या, टार्गेटपर्यंत चालत जाऊन छिद्रं बघायची, परत यायचं. पुन्हा पाच. त्यात शौर्य काही नसतं, कंटाळा असतो. तो कंटाळा ज्याला सोसत नाही त्याच्या हातात मी रायफल देत नसे.

पेन्शनवर आलो तेव्हा वाटलं, हे संपलं. तीर्थपुरीला मोसंबीची बाग बघत होतो. मग आष्टीहून विलासरावांचा फोन आला. विलासराव म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. रेंजवर चुकणाऱ्या माणसाशी जसं बोलतात तसं बायकोच्या थोरल्या भावाशी बोलता येत नाही, ही या प्रकरणातली मुख्य अडचण.

"दाजी, रानडुकरांनी मका लोळवला. वनखात्याची परवानगी काढली. वडलांची तीनशेपंधरा बोअरची रायफल हायेच, तिच्यावर दुर्बिणीचा स्कोप बसवला. तुम्ही फक्त या."

"झिरो केली का?"

"दुकानदारानं करूनच देली."

"त्यानं तुमच्या रायफलीतून गोळ्या मारल्या का?"

"न्हाई हो. लेजर लावून बराबर केलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी मी आष्टीला गेलो.

गावाबाहेर बंद पडलेली खदान आहे. समोर मुरमाची उंच भिंत, आजूबाजूला वस्ती नाही. पोलीस ठाण्यात कळवून आम्ही तिथं शंभर मीटरवर कागद लावला. विलासराव पोत्यांवर रायफल टेकवून पडले. प्रत्येक गोळीनंतर कागदाकडं न बघताच ओरडायचे, "लागली!"

पाच झाल्या. जाऊन बघितलं. कागदावर दोन छिद्रं, त्यांच्यात परातभर अंतर.

"बाकीच्या तीन कुठं गेल्या?"

"ह्याच छिद्रांतून गेल्या असतील की."

मी स्कोपचा स्क्रू नखानं फिरवून दाखवला. फिरला. डब्यातली काडतुसंही दोन तऱ्हेची होती, काही तर त्यांच्या वडलांच्या काळातली. स्क्रू आवळले, काडतुसं निवडून वेगळी केली. पुन्हा पाच मारायला लावल्या. आता सगळी छिद्रं मुठीएवढ्या जागेत आली. साइट सरकवली, पुन्हा मारून बघितलं. शंभरावर झिरो झाली. उन्हं उतरली होती.

"आता अडीचशेवर उद्या बघू," मी म्हणालो. शेतात बांधलेल्या मचाणापासून मक्यापर्यंत एवढंच अंतर होतं.

"उद्या कशाला? ॲप हाये ना!" त्यांनी मोबाइल पुढं केला. त्यात गोळीचं वजन आणि वेग भरला की किती अंतराला स्कोपची चकती किती क्लिक, म्हणजे खाचा, फिरवायची ते येतं.

"वेग कुठनं आणला?"

"इंटरनेटवरनं."

"तो दुसऱ्याच्या नळीचा वेग आहे. तुमची नळी जुनी, आतून घासलेली. ॲप सांगतं ते आधी कागदावर मारून पडताळायचं, मग भरवसा ठेवायचा."

"मिल्ट्रीत तुम्हाला दुसरं काही काम नव्हतं वाटतं, दाजी."

मी राग गिळला. दोन गोष्टी मात्र बजावल्या. पडताळल्याशिवाय लांबून मारायचं नाही. आणि जनावराच्या मागं मातीचा चढ दिसत नसेल तर मारायचंच नाही.

"बिलकुल न्हाई मारणार," विलासराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना बाजारात काम निघालं. खदान राहिली. मी बायकोला फोनवर गाऱ्हाणं केलं. ती म्हणाली, "दादा पहिल्यापासून तसाच आहे," आणि दुसराच विषय काढला. संध्याकाळी मी ओसरीवर चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात मक्याच्या बाजूनं फायरचा आवाज आला. एकच.

मी पळत गेलो. विलासराव बाजारातून परस्पर शेतात गेले होते. मचाणावर उभे होते.

"लागली, दाजी! डुक्कर तिकडंच पडलं असंल!"

मक्याच्या पलीकडं नांगरलेलं रान होतं. तिथं सखाराम नावाच्या धनगरानं मेंढरं बसवली होती. तिकडून बाईचं ओरडणं ऐकू आलं.

आम्ही पोचलो तेव्हा एक मेंढी पाय झाडत होती. तिच्यापासून बाजेएवढ्या अंतरावर चूल पेटलेली होती, आणि चुलीपाशी सखारामची बायको कौसाबाई उभी होती. हात पिठानं भरलेले. बांधावरच्या काळ्या दगडाला ताजा पांढरा टवका उडाला होता. गोळी डुकराच्या खाली पडली, दगडाला लागून वर उसळली आणि इकडं आली. डुक्कर केव्हाच पसार झालं होतं.

"कुणी मारली?" कौसाबाईनं विचारलं.

"डुकराला मारली व्हती, बाई. दगडाला लागून उडाली. त्यात माझा काय..."

"मी भाकर उलटायला वाकले व्हते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "न्हाई तर ताठ बसलेली असते."

विलासराव बांधावर बसले ते उठेनात. सखाराम विहिरीकडून धावत आला. मेंढीकडं त्यानं बघितलंही नाही. बायकोच्या डोक्याला, मानेला, खांद्यांना हात लावून बघत राहिला. ती म्हणाली, "काही झालं न्हाई मला," तरी त्याचे हात थांबेनात.

रायफल अजून विलासरावांच्या मांडीवर होती.

"विलास," मी म्हणालो. "रायफल खाली ठेव. बोल्ट काढ. इकडं दे."

त्यांनी दिला. थोरल्या मेहुण्याला मी अरेतुरे केल्याचं त्या वेळी दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ठाण्याला त्यांनी स्वतःच कळवलं. पंचनामा झाला, रायफल जमा झाली. मेंढीच्या बदल्यात मेंढी दिली. सखाराम आणि कौसाबाईनं ती घेतली, पण दुसऱ्या सकाळी मेंढरं हाकून निघून गेले. त्या शिवारात त्यांनी पुन्हा मुक्काम केला नाही.

बऱ्याच महिन्यांनी रायफल परत मिळाली. विलासरावांनी फोन केला. म्हणाले, "खदानीत येता का?"

या वेळी कागद अडीचशेवर लावला. ॲपनं सांगितले तेवढेच क्लिक फिरवले. गोळ्या हातभर खाली गेल्या. मग ॲपमधला वेग कमी करत आणला, मारून बघितलं, पुन्हा बदलला. मोबाइल आणि मुरूम एक बोलायला लागले तोवर दुपार कलली. शेवटच्या गोळ्यांपैकी एक चुकली. मी काही विचारायच्या आत विलासराव म्हणाले, "खाली गेली, दाजी. उजवीकडं बी ओढली. माझाच हात हालला."

परत येताना त्यांनी विचारलं, "एवढं का चिडत व्हता तुम्ही?"

मग मी त्यांना गोरखचं सांगितलं.

लान्स नायक गोरख अंकुशनगरचा. वडील साखर कारखान्यात. सीमेवरच्या पोस्टवर तो माझा स्पॉटर होता, म्हणजे मी गोळी मारायची आणि ती कुठं पडली ते त्यानं दुर्बिणीतून बघून सांगायचं. एकदा माझी रायफल खेचरावरून वर येत होती. खेचर घसरलं, पेटी कातळावर आपटली. मी रेडिओवर कळवलं, "झिरो बिघडला असणार. तपासायला पाच राउंड हवेत. ओव्हर."

"वेळ नाही. पाणी आणायला गेलेली पार्टी उघड्यावर अडकली आहे. फायर करा. ओव्हर."

ऑर्डर योग्य होती. खाली नाल्यात आपले चार जण पालथे पडले होते, आणि समोरच्या मशीनगनला गप्प करायला दुसरं कुणी नव्हतं. मी गोळी मारली. धूळ कुठं उडाली ते दगडाआडून दिसेना, म्हणून गोरखनं डोकं वर काढलं.

"दोन हात डावीकडं, उस्ताद. उंची बराबर."

एवढं बोलला आणि त्याला गोळी लागली. त्यानं सांगितलं तेवढी साइट मी सरकवली. दुसरी गोळी जागेवर गेली. मशीनगन थांबली. चौघेही वर आले. गोरखला खाली नेईपर्यंत तो गेला होता.

सुट्टीवर आल्यावर मी अंकुशनगरला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं सांगितलेलं बराबर निघालं का?"

"बराबर निघालं, मावशी," मी म्हणालो.