तेरावा फर्मा

हिवाळा सरला की आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वाचक मंडळाची बैठक भरते. एकेकानं उभं राहायचं, या हंगामात वाचलेली तीन पुस्तकं सांगायची, ती कशी वाटली ते बोलायचं. मग टाळ्या, चहा, आणि ज्याचं त्याचं घर. अकरा वर्षं मी जातेय. देवापुढे बसल्यावर माझं मन दहा ठिकाणी पळतं हे मला मान्य आहे. पण या एका तासात जेवढ्या थापा ऐकायला मिळतात तेवढ्या माझ्या रोजच्या वहीत मावत नाहीत. यंदाची बैठक मात्र मी वहीत सविस्तर लिहिली, ती माझ्या धाकट्या जावेमुळे.

जाऊ त्याच वाचनालयात पुस्तकं बांधते. बावीस वर्षं झाली. जिन्याखालच्या खोलीत लांब टेबल, खळीचं पातेलं, दोऱ्याची रिळं, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, आणि या सगळ्यामागे चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बसलेली ही. तिच्यामागे लोक तिला ‘दाभण’ म्हणतात. हातात ते असतंच, आणि जीभही तशीच. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा खुणेला ठेवलेल्या चमच्यासकट पुस्तक परत केलं, तर ही सगळ्यांदेखत म्हणाली, “घरात ताटं कमी पडली वाटतं!” जेवायच्या आधी हात धुवायला विसरेल, पण पुस्तक उघडायच्या आधी साबण लावून धुणार. मी म्हटलं, “एवढी भक्ती देवाकडे वळवलीस तर तरशील.” तर म्हणते, “देवाची शिवण उसवत नाही, ताई. यांची उसवते.”

बैठकीला ती कधी आली नाही. “मी पुस्तकं वाचत नाही, पानं मोजते. पुरतं वाचलेलं एकही नाही, मग उभी राहून काय सांगू?” वरच्या हॉलमध्ये हे कारण कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

या हिवाळ्यात तिच्यावर एक संकट आलं होतं. अध्यक्षांच्या डोक्यात यंत्र शिरलं होतं. पूर्वी शाळा तपासणारे साहेब होते, निवृत्तीनंतर आम्हाला तपासतात. सगळी बांधणी शहराबाहेरच्या यंत्रावर पाठवायची आणि जिन्याखालची खोली रिकामी करून तिथे सतरंज्या ठेवायच्या, असा ठराव त्यांनी आणला होता. कारण काय, तर “हातकाम म्हटलं की चुका आल्याच.” बावीस वर्षांत हिची एक चूक दाखवा म्हटलं असतं तर साहेबांची दातखीळ बसली असती. पण म्हणणार कोण? ठराव बैठकीत चहाआधी मंजूर व्हायचा होता.

बैठकीच्या आठवडाभर आधी मी खाली तिच्यासाठी डबा घेऊन गेले होते, तेवढ्यात सायकलवाला आला. समोरच्या गल्लीत पंक्चर काढतो, आणि गच्चीवर मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्यात त्यानं. हातात मधमाश्या पाळायचं पुस्तक.

“बाई, हे काय केलंत?”

“काय केलं?”

“माझ्या मधमाश्यांच्या मधोमध एक बाई रडत बसलीय.”

जावेनं पुस्तक हिसकावून घेतलं. पान एकशे ब्याण्णवपर्यंत राणीमाशी, पेटी, धूर. एकशे त्र्याण्णवपासून कुणी विधवा नदीकाठी बसून दिराच्या पत्राची वाट बघतेय. दोनशे नऊपासून पुन्हा माश्या.

“काढून टाकते म्हणू नका हां,” सायकलवाला म्हणाला. “म्हणजे काढा, पण आधी सांगा, ते पत्र आलं का?”

जावेनं चष्मा नीट बसवून त्या पानाच्या तळाशी बघितलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी शिवतात. त्या गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो, तो बघून ओळीनं लावायचे. हिवाळ्याच्या सुरुवातीला तिनं दोन पुस्तकं एकाच दिवशी उसवली होती, आकार सारखा, कागद सारखा. तेराव्या फर्म्यांची अदलाबदल झाली. म्हणजे मधमाश्यांची सोळा पानं कुठे गेली हे सांगायला ज्योतिषी नको. ती गेली त्या जाडजूड कादंबरीत. नावाड्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या, बक्षीसबिक्षीस मिळालेली. या हंगामात आमच्या मंडळात सगळ्यांत जास्त फिरलेलं पुस्तक तेच.

कादंबरी कपाटात होती. जावेनं उघडली. विधवेच्या जागी पोळ्याची निगा. पुस्तकाच्या मागच्या खिशातलं कार्ड काढलं. नऊ जणांनी नेली होती.

“नऊ,” ती म्हणाली. “आणि एकाचीही तक्रार नाही?”

मी डबा उघडायला घेतला. त्या नवांत मी होते. माझ्या वहीत नोंद आहे: पान सत्तावन्न, तिसऱ्या काकांनी होडी वाटून मागितली, सोडलं.

“मी बैठकीत सांगणार,” ती म्हणाली.

“डोकं फिरलंय का? त्याच दिवशी यंत्राचा ठराव आहे. गुपचूप उसव, बदल, शिवून टाक. कुणाला पत्ता लागणार नाही.” रोज देवापुढे बसणाऱ्या बाईचा हा सल्ला. त्या दिवशी वहीत लिहायची लाज वाटली, म्हणून इथे लिहिते.

“लोकांनी चुकीचं पुस्तक वाचलं, ताई. त्यांची माफी मागायला नको?”

बैठकीच्या दिवशी हॉल भरला. सुरुवात नेहमीसारखीच. एका गृहस्थांनी डोंगरांच्या प्रवासाचं पुस्तक सांगितलं. त्यात लेखक तीन हजार मैल चालतो आणि प्रत्येक डोंगरावर त्याला स्वतःशिवाय कुणी दिसत नाही. मी ते वाचलंय, डोंगरांची दया आली. दुसऱ्या बाईंनी एका पानावर चार शब्दांच्या कविता वाचल्या आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागेचं कौतुक केलं. तशा मोकळ्या जागा माझ्या वाण्याच्या यादीतही असतात. कुणीतरी आनंदी राहायचे एकवीस नियम सांगितले. बाविसावा बहुधा ते पुस्तक न वाचण्याचा असावा. मी माझा रोजचा अध्यायाचा ग्रंथ सांगितला, तर डॉक्टरीणबाई कुजबुजल्या, “पुन्हा तोच?” हो, पुन्हा तोच. शेवटपर्यंत वाचलाय, एवढाच त्याचा दोष.

मग कादंबरी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मधे जरा संथ होते, पण शेवटी सगळे धागे जुळतात.” आमचे हे उठले. घरी उशीला टेकून पाचव्या पानावर घोरणारे हे! “चारही पिढ्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात,” म्हणाले. मी खाली बघितलं. शेवटी अध्यक्ष. “मी तर शेवटच्या पानापर्यंत खाली ठेवू शकलो नाही. एकेक पान रिचवलं.”

टाळ्या चालू असतानाच जिन्यात पावलं वाजली. जाऊ आली. हात नुकतेच धुतलेले, छातीशी दोन पुस्तकं.

“बसून घ्या, फार वेळ घेत नाही. माझ्या हातून चूक झाली. ही कादंबरी ज्यांनी ज्यांनी वाचली त्यांची माफी मागते.” आणि तिनं पान एकशे त्र्याण्णव उघडून मोठ्यानं वाचलं: “‘पोळे पावसाळ्याआधी स्वच्छ करावे. मेलेल्या माश्या ब्रशाने हळूच काढाव्यात.’ अशी सोळा पानं आहेत. त्या जागी विधवेची गोष्ट हवी होती.”

डॉक्टरीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

ती कार्ड बघत एकेकाकडे वळली. “साहेब, तुम्हाला फार त्रास झाला असेल. डॉक्टरीणबाई, तुम्हालाही. दादा, तुम्ही घरचे, तुम्ही तरी मला सांगायचं होतंत.”

आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. स्वच्छच होता.

डॉक्टरीणबाई सावरल्या. “मला वाटलं, हा लेखकाचा प्रयोग असावा.”

“अगदी!” अध्यक्षांना काडी सापडली. “मधमाश्या म्हणजे समाजच की हो. फार खोल प्रतीक वाटलं मला ते.”

“प्रतीक नाही हो साहेब,” जाऊ अगदी गंभीरपणे म्हणाली. “फर्मा आहे तो. तेरावा.”

मागच्या रांगेत कुणाला तरी खोकल्याची उबळ आली, ती पूर्ण हॉलभर पसरली. मला आजही सांगता येणार नाही की तिनं हे साधेपणानं केलं की ठरवून. सव्वीस वर्षं ओळखते मी तिला. माझा कौल साधेपणाला. तसं नसतं तर ती हसली असती.

यंत्राच्या ठरावाचा कागद अध्यक्षांसमोर होता. हातकामातली चूक हवी होती ना? आयती समोर आलेली. पण ती उचलायची तर आधी म्हणावं लागलं असतं की ‘या चुकीचा मला फार त्रास झाला’, आणि मग कुणीतरी विचारलं असतं, कोणत्या पानावर? साहेबांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली आणि खिशात ठेवली. “चहा,” म्हणाले. तो ठराव अजून खिशातच आहे.

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, “कुठपर्यंत वाचली होतीत?”

“ढोबळमानानं सगळी.”

“ढोबळमानानं जेवण वाढू का?”

त्यावर हे रविवारची पुरवणी उघडून बसले. ती मात्र पूर्ण वाचतात.

मला वाटलं, जाऊ खूश असेल. खोली वाचली, काम वाचलं. दुसऱ्या दिवशी खाली गेले तर ही दोन्ही पुस्तकं उसवून बसलेली, तोंड पाडून.

“आता काय झालं?”

“बावीस वर्षांतली पहिली चूक, ताई, आणि रागवायला एक माणूस नाही. मी एवढ्या बारीक टाक्यानं शेवटच्या पानापर्यंत शिवते, ते कुणासाठी?”

मी त्या नवांतलीच. दोरा ओवून दिला तिला, तेवढंच.

दोन दिवसांनी कादंबरी नीट शिवून तयार झाली, ती तिनं सायकलवाल्याकडे पाठवली. पत्र आलं का ते त्याला बघायचं होतंच.

तीन आठवड्यांनी तो आला. मी तिथेच होते. पुस्तक टेबलावर आपटलं.

“पत्र आलं, पण उशिरा आलं. तिनं एवढी वाट बघायला नको होती. आणि ते जाऊ दे, बाई, पान चारशे अकरावर खळीचा केवढा डाग ठेवलाय तुम्ही! अर्धी ओळ वाचता येत नाही. लक्ष कुठे असतं तुमचं?”

जावेनं चष्मा वर सरकवला, पान चारशे अकरा काढलं, डाग बघितला. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं काही तिला बक्षीस मिळालं.

“चुकलं बाबा,” ती म्हणाली. “बस. चहा घे.”

त्या संध्याकाळी मी तीच कादंबरी घरी आणली. पान अठ्ठावन्न.