चार वाजताची सावड

पोलीस खात्यात असताना चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणुकी पुष्कळ पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. कोथरूडमधल्या पिझ्झाच्या तपासाचे तसे झाले नाही. त्यातले मिनिट न् मिनिट मला सांगता येते, आणि सांगताना अजूनही हसू येते. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षे उरली होती. गुडघे मात्र माझ्याआधीच निवृत्त झाले होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

सुरुवात एका अर्जाने झाली. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल पाहत होतो, तेव्हा ठाणे अंमलदाराने एका तरुण माणसाला आत पाठवले. आमच्या हद्दीतल्या एका पिझ्झाच्या दुकानाचा तो मॅनेजर. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळे. त्याच्या दुकानात स्कूटरवरून पिझ्झा पोचवणारे बारा जण होते, आणि ते दोन महिन्यांपासून संगनमताने फसवणूक करतात असे अर्जात लिहिले होते. ऑर्डर एकाच्या नावावर असते, दारात उभा राहतो दुसराच.

"यात तुमचं नुकसान काय झालं?" मी विचारले.

"सर, ही सिस्टिमशी चीटिंग आहे. उद्या काहीही होऊ शकतं. त्यांच्यावर केस झाली की मला त्यांना काढता येईल, नवीन लोक घेता येतील."

शेवटचे वाक्य मी मनात टिपून ठेवले. तक्रार सांगता सांगता माणूस आपली अडचणही सांगून जातो, हे मी अनेकदा पाहिले होते. स्टेशन डायरीला नोंद घेतली, अर्ज चौकशीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी खबर आली, तीही फोनवर. बोलणारे गृहस्थ पेन्शनर होते आणि एका सोसायटीचे अध्यक्ष.

"आपण इन्स्पेक्टर बोलताय? बरं झालं. मागच्या वेळी ज्यांनी फोन उचलला, त्यांना गल्ली समजावण्यात माझा अर्धा तास गेला. आमच्या समोर एका बंद गॅरेजची शेड आहे. तिथे रोज दुपारी चारला लाल पेट्यांचे स्कूटरवाले जमतात. फरशीवर खडूने काहीतरी काढतात आणि आपापसात मोबाईल बदलतात. मी बाल्कनीतून स्वतः पाहिलंय. पोलिसांना वेळ मिळाला, तर यावं."

मोबाईल म्हटल्यावर माझे कान टवकारले. त्या महिन्यात हिसकावलेल्या मोबाईलच्या तक्रारी ढिगाने आल्या होत्या. मोठे घबाड हाती लागणार, असे मी माझ्या हवालदाराला सांगून टाकले. तो माझ्यापेक्षा जुना माणूस. "बघू साहेब," एवढेच म्हणाला.

आम्ही सहा जण साध्या वेशात शेडसमोरच्या रसवंतीत जाऊन बसलो. चारच्या सुमारास स्कूटर येऊ लागल्या. शेडमध्ये पालथ्या क्रेटवर पन्नाशीचा एक माणूस आधीच बसला होता. त्याच्या उजव्या पायाला प्लास्टर होते आणि हातात खडू. येणारा प्रत्येक जण पेटीतले पिझ्झे त्याच्यासमोर ठेवी, वर मोबाईल ठेवी. तो पत्ता वाचून ते डबे फरशीवरच्या वेगवेगळ्या चौकोनांत सरकवी. मग ज्याला जो चौकोन मिळेल, तो त्यातले डबे आणि मोबाईल उचलून निघायच्या तयारीत. मी खूण केली आणि आम्ही आत शिरलो.

कोणी पळाले नाही. मी सगळे मोबाईल एका पिशवीत जमा केले, आणि तिथेच माझी पहिली फजिती झाली. पिशवी वाजू लागली. एक थांबला की दुसरा. हवालदाराने एक उचलला, तर पलीकडून एक बाई विचारत होत्या, जादा चीज टाकलंय ना. त्याने "हो, टाकलंय" असे सांगून दिले.

चाळिशीची एक बाई पुढे आली. हेल्मेट काखेत, अंगात दुकानाचा लाल टी-शर्ट. सगळे तिला आक्का म्हणत होते.

"साहेब, ह्यांची मुख्य मी हाय. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. पण आधी एवढे पिझ्झे पोचू द्या. उशीर झाला की आमच्यावर लाल खूण पडती. तीन खुणा झाल्या, की पुढच्या आठवड्याला काम निम्मं."

हवालदार माझ्या कानाशी लागला. "साहेब, मुद्देमाल नाशवंत आहे."

मोबाईल ज्याचे त्याचेच होते, हे आतल्या फोटोंवरून पाच मिनिटांत दिसले. घबाड गेले. प्रत्येकाचे नाव, पत्ता उतरवून घेतला आणि अर्ध्या तासाच्या बोलीवर सगळ्यांना सोडले. प्लास्टरवाल्या काकांपाशी हवालदाराला बसवले आणि मी स्वतः आक्काच्या स्कूटरवर मागे बसलो. तिचा एक डबा मागच्या गल्लीत दिला, दुसरा शेडसमोरच्याच सोसायटीत होता.

फाटकावर वॉचमनने पाटीकडे बोट केले. 'डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये. जिना त्यासाठीच बांधला आहे.' आक्का मुकाट्याने जिन्याकडे वळली. मी ओळखपत्र काढू शकलो असतो. पण साध्या वेशात होतो, तपासावर होतो, आणि ऐट करायची माझी वृत्ती नाही. निघालो तिच्या मागे. घर सातव्या मजल्यावर आहे, हे मला दुसऱ्या मजल्यावर कळले.

जबाब मी जिन्यातच घेतला. तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रश्न मी विचारले. पुढे ती आपणहून सांगत गेली, कारण मला बोलण्याइतका दम उरला नव्हता. दुकानात ऑर्डर आलेल्या क्रमाने वाटल्या जात. एकाच माणसाच्या हातात एक डबा टेकडीकडचा आणि दुसरा पार कर्वे रस्त्यापलीकडचा. एकतर सिग्नल तोडा, नाहीतर लाल खूण घ्या. खुणेपायी पेट्रोलचा भत्ताही कापत. पाणी प्यायचे तर रस्त्यावर, बसायचे तर स्कूटरवर. दोन महिन्यांपूर्वी काका असेच घाईत वळण घेताना पडले आणि पाय मोडला. काम बंद, म्हणजे पगार बंद.

"मी लोणी काळभोरची," आक्का म्हणाली. "आमच्यात सावड असती. आज सगळे माझ्या रानात, उद्या तुमच्या. म्या म्हटलं, इथंबी करू. दुकानातून निघायचं, शेडात थांबून गल्लीवार वाटून घ्यायचं. मोबाईल ऑर्डरीसंगं जायाचा, म्हणजे नोंद ज्याची त्याच्या नावावर."

"आणि काकांचा मोबाईल?"

ती जिन्यात थांबली. "त्यांच्या वाटचं आम्ही पाळीपाळीनं नेतो."

इथे माझी गंमत संपली. पाय मोडून बसलेल्या माणसाची हजेरी लागते आहे, हे मी कागदावर लिहिले की फसवणूक ठरणार. काका आणि आक्का दोघांचीही नोकरी त्याच दिवशी जाणार, आणि तिच्यामागे कोर्टाचे हेलपाटे लागणार. मी शेतकऱ्याचा मुलगा. सावडीला माझे वडील कुणाच्या तरी रानात राबत असत आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसे आमच्या बांधावर हजर असत. आम्ही त्याला कधी फसवणूक म्हटले नव्हते.

सातव्या मजल्यावर दार उघडले. हातात घड्याळ घेऊन एक वृद्ध गृहस्थ उभे होते, मागे त्यांचा नातू टाळ्या वाजवत होता. आवाज ऐकताच मी ओळखले. खबर देणारे अध्यक्ष ते हेच. नातवाचा पिझ्झा वेळेत येतो की नाही ते बाल्कनीतून पाहता पाहता त्यांना शेड दिसली होती.

मी धापा टाकत ओळख करून दिली.

"अहो, मग लिफ्टने यायचं," ते म्हणाले.

"आपली पाटी वाचली."

ते आक्काकडे वळले. "आपण दर वेळी असं चढून येता?"

"इथं आठवड्याला एकदा. बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या जिन्यानं."

ते आत गेले आणि दोन पेले पाणी घेऊन आले. पहिला त्यांनी आक्काला दिला. मला ते फार आवडले.

शेडमध्ये परतलो तर काका आणि हवालदार चहा पीत होते. काका अमरावतीकडचे, कारखाना बंद पडल्यावर पुण्यात आलेले. "साहेब, लिहाचं असंन तर माह्यं नाव लिहा. बाईले सोडा. माह्या पायापायीच झालं ना जी हे," ते म्हणाले. दोघांनाही आपल्याच नावावर गुन्हा हवा होता. इतक्या वर्षांत असे भांडण मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. मॅनेजरच्या खुर्चीमागे चकचकीत फ्रेम होती. वेळेवर पोचवण्यात त्यांचे दुकान विभागात पहिले आले होते.

"हे कधी मिळालं?"

"दोन महिने सलग, सर," तो फुशारला.

"आणि ही अदलाबदल कधीपासून चालू आहे म्हणालात?"

मान वळवून त्याने फ्रेमकडे पाहिले. खरे सांगतो, त्या क्षणी मला त्या पोराची दया आली. वरचे लोक त्याच्याही मागे घड्याळ घेऊनच उभे होते.

"तुमचा अर्ज मी दाबणार नाही," मी त्याला सांगितले. "पण तपास अर्धा होत नसतो. वाटप कसं होतं, माणूस ड्युटीवर पडला तेव्हा काय केलंत, त्याची नोंद कुठे आहे, हेही कागदावर येईल. कामगार कार्यालयालाही प्रत जाईल. विचार करा."

तो मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात आला आणि अर्ज मागे घेत असल्याचे लिहून दिले. मी त्याच्यापुढे काकांना आणि आक्काला बसवले. काकांच्या हजेरीची गोष्ट त्याला तिथेच मोकळेपणी सांगितली. तो खाली बघत म्हणाला, "सर, ते मला माहीत होतं. फक्त वर कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

पुढे महिनाभरात दुकानात ऑर्डर गल्लीवार वाटल्या जाऊ लागल्या. लाल खूण गेली. भत्त्याची कापाकापी बंद झाली. ड्युटीवर पडलेल्याला उपचार आणि बरा होईपर्यंत पगार, असे लेखी झाले. आत बाक आला, पाण्याचा माठ आला. वाटपाचे काम काकांना मिळाले, पगारावर, पंख्याखाली. त्यांनी एकच अट घातली की खडू चालला पाहिजे.

या तपासात एकही आरोपपत्र गेले नाही, पदक तर नाहीच. तरी तो मला खूप शिकवून गेला. नियम मोडणारा दिसला की आम्ही आधी त्याची कॉलर धरतो. नियम काय सांगतो आणि तो पाळून काम होते का, हे पाहायला मला जिना चढावा लागला. त्यानंतरच्या दोन वर्षांत कोणाही कामगाराविरुद्ध अर्ज आला, की मी आधी त्याच्याबरोबर अर्धा दिवस काढत असे.

आता मी त्याच भागात राहतो. संध्याकाळी फिरायला निघालो, की दुकानात डोकावतो. कधी गर्दी असली, की काका डोळे मिचकावून एखादा डबा पुढे करतात. "साहेब, तुमच्याच वाटेवर हाय. नेता काय?" मी नेतो. आक्का हसते. सावडीत माझाही एक दिवस असतो, असे ती म्हणते.

परवा असाच डबा घेऊन त्या सोसायटीत गेलो. जुनी पाटी काढून अध्यक्षांनी नवी लावली आहे, त्याच सुबक अक्षरात. 'डिलिव्हरी करणाऱ्यांनी लिफ्टच वापरावी. पोलिसांना जिन्याची सवय आहे.'

वॉचमनने लिफ्टचे दार उघडून धरले होते. मी पाटी वाचली, डबा सांभाळला आणि जिन्याने निघालो.