चाकाचं काजळ

आमच्या अक्का माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या गाडीचं चाक बघायच्या. दारात गाडी थांबली की बाकीचं घर "या, या" करत पुढं व्हायचं आणि अक्का पदर खोचून पुढच्या चाकाशी वाकायच्या. चाकावर बोट फिरवायचं, बोटाकडं बघायचं आणि मग पाहुण्याकडं. निलंग्याचा एक भाचा एकदा छातीवर हात ठेवून सांगत होता, "मामी, अगदी सावकाश आलो." अक्कांनी आपलं काळं झालेलं बोट त्याच्या पांढऱ्या शर्टासमोर धरलं. "सावकाश आलास न्हवं? मग चाक काय शेगडीत घातलं व्हतं?" पुढच्या खेपेपासून भाचा गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत येऊ लागला.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. उदगीरकडं दिलेली, लवकर एकटी पडलेली, आणि भावाच्या हट्टानं लातूरला आमच्याकडं राहायला आलेली. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, कपाळावर विभूतीचे पट्टे. बोटांची विभूती जायच्या आतच त्या अंगणात गाडीशी येऊन बसायच्या आणि थोड्या वेळात तीच बोटं काळीकुट्ट. "आधी पांढरी पूड, मागून काळी पूड, असा माझा दिवस चढतो," म्हणायच्या. ब्रेक घासला की जी बारीक काळी पूड उडून चाकावर चिकटते, तिला त्या काजळ म्हणत. एवढं काजळ आमच्या घरात कुठून येत होतं, ते आता सांगते. ते सगळं मी तयार करत होते.

चंदेरी रंगाची, चकचकीत अ‍ॅलॉय चाकांची गाडी दारात आली, तेव्हा मी पंचेचाळिशीची कोवळी पोर होते. आधी काळा चष्मा घेतला, मग ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. लायसन मिळाल्यावर लातूरचे रस्ते माझ्यासाठीच केलेत अशी माझी समजूत झाली. मागचे लोक हॉर्न वाजवत, तो मला मुजरा वाटे. खरं म्हणजे माझा उजवा पाय जन्माचा भित्रा. रेस दिली की लगेच ब्रेक. रिक्षा दिसली, ब्रेक. नाही दिसली, तर कुठून तरी येईलच म्हणून ब्रेक. रस्त्याच्या कडेला म्हैस बसलेली दिसली तरी ब्रेक, ती उठली तर? औशाला जाऊन परत येईतो पुढची दोन्ही चाकं भट्टीतून काढल्यासारखी दिसत.

अक्कांना आधी ती दृष्टच वाटली. नवी गाडी, त्यात बाई चालवणार, गल्लीला बघवत नसणार. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, पुढं लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवशी मी भाजीला जाऊन आले आणि चाकं पुन्हा काळी. मग त्यांनी देवाच्या उपकरणींचा उपाय काढला. चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन पुढचं डावं चाक असं घासलं की काय सांगू. दुपारभर कोळ लावून ठेवला. वर मला म्हणाल्या, "बघच आता, समईसारखं उजळतंय का न्हाई." संध्याकाळी धुतलं तर चाकाची सगळी चमक उतरलेली, जुन्या जर्मनच्या पातेल्यासारखं पांढुरकं. तीन चाकं लग्नाला निघालेली आणि चौथं सुतकात. हे कपाळाला हात लावून बसले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "पितळ न्हाई हे, मला आधी कुणी सांगितलं?"

त्यानंतर त्यांनी रिठ्याचं पाणी आणि ह्यांच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा एवढ्यावर भागवलं. गाडी आल्या आल्या मात्र हात लावायच्या नाहीत. चाक निवेपर्यंत पायरीवर बसून राहायच्या. "तापल्या चाकाला पाणी आन् तापल्या डोक्याला शहाणपण, दोन्ही वाया," म्हणत. हे सांगताना त्यांची नजर चाकाकडं असे की माझ्याकडं, ते मी कधी तपासलं नाही.

सगळं सुखानं चाललं होतं, पण सलीम मिस्त्रीनं घात केला. ब्रेकचे पॅड बदलून फार दिवस झाले नव्हते आणि मी पुन्हा त्याच्या दारात. त्यानं झिजलेले पॅड तळहातावर घेतले आणि ह्यांच्यासमोरच म्हणाला, "भाभी, ये ब्रेकके पॅडां हैं. पापडां नक्को समझो."

हे तिथं हसले, घरी आल्यावर हसले नाहीत. "तू सारखी ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस. एखाद्या दिवशी उतारावर ब्रेकच लागायचा नाही. पुन्हा चाकं अशी दिसली तर किल्ली माझ्याकडं. आपण ड्रायव्हर ठेवू. कुठं जायचं ते त्याला सांगत जा."

त्या किल्लीवर माझा किती जीव होता, हे सांगितलं तर आजच्या पोरी हसतील. तोवर मला साधं मैत्रिणीकडं जायचं झालं तरी घरातलं कोण रिकामं आहे, हे आधी बघावं लागे. किल्ली हाती आल्यापासून मी कुणाला विचारलं नव्हतं. "जाऊन येते" म्हणायचं आणि निघायचं. ड्रायव्हर आला की पुन्हा विचारणं आलं.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरून आले तर अक्का बादली घेऊन फाटकात उभ्या. "बाबू मोंढ्यातून यायच्या आत पुसून टाकते." बाबू म्हणजे हे; मोंढ्यात ह्यांचा धान्याचा व्यापार. मी त्यांच्या गळ्यातच पडले. त्यांनी मला बाजूला केलं. "लाडात येऊ नको. पुसीन मी, पण पुसलेलं तुला दावीन."

आणि खरंच, पुसून झालं की काळं फडकं माझ्या नाकाशी धरायच्या.

"हे बघ. आज कुणाला भिलीस?"

"ट्रकला."

"कुठं व्हता ट्रक?"

"पुढच्या चौकात."

"पुढच्या चौकातल्या ट्रकाला भितीस, आन् किल्ली काढून घेणाऱ्या नवऱ्याला भीत न्हाईस! कमालच हाय बाई तुझी."

मग त्या शेजारच्या जागेवर बसून यायला लागल्या. लहानपणी माहेरी बैलगाडी हाकलेली, तेवढ्या भांडवलावर त्या मला मोटार शिकवू लागल्या. "वढ्याचा उतार लांबनं दिसतो का न्हाई? तिथंच हळू व्हायचं. उतारावर गेल्यावर कासरा वढणारा गाडीवान नसतो, गाडीत टाकलेलं पोतं असतंय." पुढं काही दिसलं की त्या ओरडत, "सोड!" म्हणजे रेसवरचा पाय काढ, गाडी आपोआप मंदावू दे. गांधी चौकात एकदा त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या स्कूटरवरच्या माणसानं बायकोचा धरलेला हात सोडला.

फडकं हळूहळू करडं होत चाललं. पण हे ह्यांना कसं पटावं? ह्यांना दिसायची ती पुसलेली चाकं. "अक्का, तू पुसतेस ती," हे म्हणत. अक्का म्हणत, "देवाची भांडी बी मीच पुसते. म्हणून देव काय ब्रेक मारतो का?" हे ऐकून घेत, पण ह्यांनी एका ड्रायव्हरशी बोलणं पक्कं करून ठेवलं होतं. लेकीचं बाळंतपण पार पडलं की तो कामावर येणार होता.

लेक नांदेडला सासरी. डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटल्यानं तिला माहेरी आणता आलं नव्हतं. हे तुरीच्या व्यवहाराला हैदराबादला गेले आणि त्याच सकाळी जावयाचा फोन आला, कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेतोय. मी नुसतीच घरभर फिरायला लागले. अक्कांनी पिशवी भरली, चप्पल घातली.

"चल."

"कुणासोबत जायचं, अक्का?"

"तुझ्यासंगं. अजून कुणाची वाट बघून राहिलीस?"

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. अक्का गप्प. ना "सोड", ना काही. मला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली. पुढं एका उतारावर, खाली उसाचा ट्रॅक्टर डुलत चाललेला. माझा पाय सवयीनं ब्रेककडं निघाला होता, पण मी लांबूनच रेस सोडली, गिअर खाली घेतला, आणि गाडी आपल्या आपण त्याच्या मागं जाऊन मंद झाली. वाट मोकळी दिसल्यावर पुढं काढली. अक्का एवढंच म्हणाल्या, "हाव, आसं."

दवाखान्याच्या दारातच जावई भेटला. मुलगी झाली होती, मायलेकी सुखरूप. मी जिन्याकडं धावले. मागं बघते तर अक्का नाहीत. त्या गाडीशी वाकलेल्या.

"अक्का, अहो नात झाली!"

"नात कुठं पळून जात न्हाई. चल, हे बघ आधी." त्यांनी बोट दाखवलं. त्यावर रस्त्याची तांबूस माती होती आणि काजळ म्हणावं तर डोळ्यात घालायलासुद्धा पुरलं नसतं. मी आनंदानं पदरानंच चाक पुसायला गेले. अक्कांनी चापट मारली. "पुसू नको! बाबूला येऊ दे."

जावई गाडी धुवायला पाठवतो म्हणाला, तर अक्का किल्ली कमरेला खोचून बसल्या. दुसऱ्या दिवशी हे हैदराबादहून आले, नातीला बघून डोळे पुसत बाहेर आले, तसं अक्कांनी त्यांचं मनगट धरून खाली नेलं. हे धोतर सावरत वाकले. एका चाकाला बोट लावलं, दुसऱ्याला लावलं.

"लातूरपासून?"

"मधी कुठं थेंबभर पाणी लावलं न्हाई. शपथ घालतोस का?"

परत निघायच्या दिवशी ह्यांनी किल्ली मागितली नाही. गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "मी इकडं बसू?"

"तिकडंच बस," अक्का म्हणाल्या. "आन् तोंड बंद ठेव."

अक्का बाळंतिणीजवळ मागं राहिल्या. सव्वा महिना म्हणून राहिलेल्या, त्या नातीच्या लळ्यानं नांदेडच्याच झाल्या आणि काही वर्षांनी तिथंच गेल्या. लातूरला आमच्या अंगणात त्या पुन्हा राहायला आल्या नाहीत. गाडीतली त्यांची जागा ह्यांना मिळाली ती कायमची.

त्या पहिल्या परतीला हे अहमदपूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पण मी तिरक्या नजरेनं बघत होते. समोर काही दिसलं की ह्यांचा उजवा पाय पायाखालची चटई दाबत होता. रिक्षा दिसली, दाब. म्हैस दिसली, दाब. मला हसू आवरेना आणि मग एकाएकी हसू थांबलं. अक्का त्या जागेवर मांडी घालून बसायच्या, त्यांचा पाय कधी चटईला लागला नाही. माझे पॅड पापडांसारखे संपत होते, तेव्हासुद्धा.